दात्यांची लायब्ररी

"अहो सिस्टर, दिसतंय की! माझ्यासमोर ढळढळीत दिसतंय!"

"तुमच्यासमोर दिसत असेल काका. माझ्यासमोर पांढरं फटक आहे."

"नीट बघा जरा."

"चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. आता काय स्क्रीनच्या मागे जाऊन बघू?"

काकांनी रिसीव्हर मानेत धरला आणि पुन्हा माउस फिरवला. इस्पितळाच्या रक्तपेढीत सगळे त्यांना काकाच म्हणत. उभा जन्म रक्तदात्यांची नोंद ठेवण्यात गेलेला माणूस. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेतल्या सिस्टरला दाते दिसावेत म्हणून त्यांनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये दात्यांची सामायिक यादी, त्याच्या भाषेत 'लायब्ररी', मांडली होती. शिकवायला आलेला माणूस गाडी सुटल्यासारखा बोलला आणि गेला. काकांच्या हाती उरलं ते एवढंच: कुणाला काय दिसावं हे परवानग्यांच्या खुणांवर ठरतं, खूण चुकली की घोटाळा.

आणि काका खुणेला फार जपणारे. त्यालाही कारण होतं. निगेटिव्ह रक्ताचा एक बेकरीवाला दाता होता. रक्त देऊन झालं की तो दरवेळी हात जोडायचा. "काका, आईला कळू देऊ नका हं. थोरला भाऊ गेला तेव्हापासून रक्ताचं नाव काढलं तरी तिला भोवळ येते. हातापाया पडून बंद करायला लावेल." आणि त्याची सख्खी मावशी याच इस्पितळात, चौकशीच्या खिडकीवर! तिच्याही टेबलावर तेच सॉफ्टवेअर. काकांनी शब्द दिला होता. दिलेला शब्द म्हणजे देवापुढचा दिवा, वारा लागू द्यायचा नाही, अशी त्यांची समजूत. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी 'सर्वजण' या गटाला सगळं बंद केलं होतं आणि मग आत जाऊन 'सिस्टर' या गटाला लायब्ररी उघडून दिली होती. तरी सिस्टरला काही दिसेना. त्यांनी आतल्या तक्त्यांची परवानगी तपासली. होती. वाचायची परवानगी? तीही होती. मग अडतंय कुठे? काकांचं डोकं भणभणायला लागलं.

"काका," फोनवरचा आवाज एकदम खाली आला, "बाळंतीण आहे. निगेटिव्ह रक्त लागणार. तुम्हाला दिसतंय ना? मग तुम्हीच करा की फोन!"

काकांनी कपाळावर हात मारला. खुणांच्या नादात हे सुचलंच नव्हतं! त्यांनी बेकरीवाल्याचा मोबाइल लावला. तो हाताच्या पिठासकट निघाला आणि वेळेत पोचला. बाळंतीण सुखरूप. देवाची कृपा, दुसरं काय!

पण मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडम रक्तपेढीच्या प्रमुख. मनाने चांगल्या, पण आजच्या प्रकाराने धसका घेतलेल्या.

"काका, आज तुम्ही जागेवर होतात म्हणून निभावलं. जेवायला गेला असतात तर? संध्याकाळपर्यंत सिस्टरना दिसलं नाही, तर सर्वांना खुलं करून टाका. एक खूण काढायची, झालं."

"सर्वांना म्हणजे... खिडकीवरच्या बाईंनासुद्धा?"

"सर्वांना म्हणजे सर्वांना. जीव मोठा की गुपित?"

खरंच होतं ते. आणि दिलेला शब्द? तोही खराच होता. दोन खऱ्यांच्या मधे माणूस सापडला की त्याचं काय होतं, ते काकांचा चेहरा सांगत होता.

ते घुटमळले. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे दिसतं का हो?"

"दिसतं की. सगळं दिसतं."

"माझ्याकडेही. आपल्या दोघांच्या लॉगिनला अडवणारं कुणी नाहीच. मग अडतंय कुठे, हे आपल्याला कळणार कसं? मला सिस्टर करा."

"काय?"

"माझे सगळे अधिकार काढा आणि सिस्टरच्या गटात घाला."

"अहो, काढणं माझ्या हातात आहे, परत देणं नाही. त्याला मुख्य कार्यालयाचं पत्र लागतं. तोवर तुम्ही निवृत्त व्हाल!"

"असू दे."

मॅडमनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, खुणा काढल्या आणि त्यांना सिस्टरच्या गटात घातलं.

काका जागेवर येऊन बसले. लॉगिन केलं. पांढरं फटक! त्यांना हसूच फुटलं. त्यांनी फोन फिरवला. "सिस्टर, मलाही काही दिसत नाही हो!"

"अगं बाई! मग एवढा आनंद कसला?"

"थांबा. मॅडम, तुमच्याकडे लायब्ररी कशात ठेवलेली दिसते?"

"रक्तपेढी नावाच्या फोल्डरात," मॅडम केबिनमधून ओरडल्या.

"माझ्याकडे ते फोल्डरच नाही!" काका थबकले. "मी... मीच ते बंद केलं सर्वांना. सिस्टर काय सर्वांच्या बाहेर आहेत? फाटकाला कुलूप घातलं आणि आतल्या खोलीची किल्ली वाटत बसलो."

मॅडमनी ते फोल्डर फक्त सिस्टरच्या गटाला उघडून दिलं. 'सर्वजण' होते तसेच बाहेर राहिले. काकांच्या स्क्रीनवर दाते एकाखाली एक उतरले. ओळखीची सगळी नावं. काकांनी ती वरपासून खालपर्यंत सावकाश पाहून घेतली.

"मॅडम, आता मला गटातून काढा."

"राहा की काका. तुमच्यापासून काय लपवायचंय?"

"नियम सिस्टरांपुरता आहे. मी कुठे सिस्टर?"

मॅडमनी खूण काढली. काकांच्या स्क्रीनवरची नावं गेली.

फोन अजून चालूच होता. पलीकडे सिस्टर भरभर बोलत होती. "आले हो काका, सगळे आले! रक्तगटाप्रमाणे, पत्त्याप्रमाणे! हा बेकरीवाला बघा, अगदी वरच आहे. तुम्हाला दिसतोय का?"

"नाही."

"अय्या, आता काय झालं?"

"काही नाही हो. त्याच्या घरच्या नंबरावर फोन करू नका, मोबाइलवरच करा," काका म्हणाले. "आणि बाकीची नावं जरा वाचा बघू... नको. नको, राहू द्या."

त्यांनी रिसीव्हर हलकेच खाली ठेवला.