पाठीमागून, कानाशी

मी बोलतोय, पण समोर शोधू नका. समोर नुसता टीव्ही आहे. मी तुमच्या डोक्याच्या मागे आहे, सोफ्याच्या पाठीला खेटून ठेवलेल्या बुटक्या कपाटावर.

दिसायला मी एक लांबट काळा डबा. टीव्हीला चित्रपटगृहासारखा आवाज द्यावा, तोही खोलीभर वायरी न पसरता, यासाठी माझा जन्म. पूर्वी या कामाला अख्खं कुटुंब लागायचं. पुढे दोघं, मागे दोघं, मधे एक आणि कोपऱ्यात धडधडणारा एक जाडा भाऊ. मला घडवणाऱ्यांनी ही सगळी बिऱ्हाडं एकाच खोलीत आणून बसवली. माझ्या पोटात सदा दाटीवाटी असते, पण भांडण नाही.

या घरात मला मुलानं पाठवलं. तो दुसऱ्या गावी लिफ्ट दुरुस्त करतो. घरात त्याला काड्या म्हणतात, कारण लहानपणी तो काडीसारखा होता. आता नाही.

मला बसवायला आलेला माणूस टीव्हीखालची जागा पुसायला लागला, तसं घरमालकांनी त्याला थांबवलं. यांना मी मनात बाबाच म्हणायचो.

"इथे नको. मागे ठेव, सोफ्याच्या मागे."

"काका, हा टीव्हीखाली ठेवायचा असतो. आवाज समोरून यायला हवा ना!"

"मी जन्मभर लोकांच्या मागे उभा राहून बोललोय. कुणाची तक्रार नाही आली."

"पण काका, पुस्तकात लिहिलंय..."

"पुस्तकाला कान आहेत का?"

सोफ्यावरून आईंनी विचारलं, "अहो, काय म्हणतोय तो?"

बाबा त्यांच्या मागे गेले, उजव्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "म्हणतोय, काकूंच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जाणार नाही."

बिचाऱ्यानं चहा घेतला आणि मला मागे ठेवलं. सतरंजीखालून लांबलचक वायर टीव्हीपर्यंत नेली. येणारा जाणारा त्या फुगवट्याला अडखळायचा आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "सांभाळून, खाली आवाज आहे."

बाबांचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं. गिऱ्हाईक खुर्चीत, तोंड आरशाकडे, आणि हे मागे उभे. कात्री चालायची तसं तोंडही चालायचं. गावातलं निम्मं शहाणपण त्यांनी लोकांच्या मानेमागून सांगितलं असेल. आई मात्र सूतगिरणीत होत्या. सूत काढणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलं आणि जाताना तो खडखडाट डावा कान पुरता आणि उजवा निम्मा घेऊन गेला. कानात घालायचं यंत्र होतं, पण ते खणात पडून असे. "ते लावलं की डोक्यात भांडी पडतात," असं त्यांचं म्हणणं.

मी येण्याआधी या घरात सिनेमा कसा बघत, ते मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. आई सोफ्यावर, बाबा मागे उभे. पडद्यावर कुणी काही बोललं की आई विचारणार, "काय म्हणाला तो?" आणि बाबा वाकून कानात सांगणार. दुकानात दिवसभर उभं राहून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा उभाच. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा आईंनी सिनेमाच सोडला. "मला नाही आवडत हल्लीचं," म्हणायच्या. बाबांना ते खरं वाटलं नाही. त्यांनी मुलाला फोन केला आणि मी आलो.

म्हणजे मला जागा मिळाली ती बाबांच्या तोंडाची. माझ्या भावंडांत कुणाला एवढा मान मिळाला असेल, मला शंका आहे.

रिमोटवर संवादाचं एक बटण आहे. ते दाबलं की मी पाऊस, घोडे, बंदुका, वाद्यं या सगळ्यांना दम देतो आणि माणसांच्या बोलण्याला पुढे काढतो. पहिल्याच संध्याकाळी आईंनी मान मागे टेकली. माझ्या जाळीत आणि त्यांच्या केसांत चार बोटांचं अंतर. पडद्यावरचा वकील बोलू लागला आणि त्यांनी काही विचारलंच नाही. बाबांनी वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाले, "काय म्हणाला?"

"म्हणाला, पुरावा आहे. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

बाबा इतके हसले की खोकला लागला. त्या दिवसापासून ते सोफ्यावर शेजारी बसू लागले. गप्प मात्र बसले नाहीत. माणूस आवाजावरून ओळखायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं, स्वतः केसांवरून ओळखू लागले. "हा खोटारडा आहे बघ, भांग दर प्रसंगाला बदलतोय." "या राजाचे कल्ले कुणी कापलेत? हात कापा त्याचे." आई दटावायच्या, "अहो, ऐकू द्या!" हे वाक्य त्या किती सुखानं म्हणत, ते मागून मला कळायचं.

एका सकाळी बाबा दुकान उघडायला गेले आणि परत आले ते दुसऱ्यांच्या हातांवरून. याहून जास्त मला सांगता येत नाही. त्या दिवसांत घरात फार माणसं होती आणि मला कुणी सुरू केलं नाही.

माणसं पांगली. काड्या राहिला. हाताला काम नसलं की त्याचा जीव घाबरतो, हे आईंनाही ठाऊक होतं. त्यानं नळ बदलले, दारांना तेल घातलं. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"आई, हा अजून उलटाच बसलाय? कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

आई खिडकीशी होत्या. त्यांनी मान हलवली. ऐकून की न ऐकता, कोण जाणे.

त्यानं मला उचलून टीव्हीखाली ठेवलं. फोन हातात घेऊन खोलीभर फिरत माझे सूर जुळवले. सतरंजी सपाट केली. पुस्तकात सांगितलेल्या जागी मी आयुष्यात पहिल्यांदा बसलो होतो आणि खरंच सुरेख वाजत होतो. आईंसमोर येऊन त्यानं मोठ्यानं विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"छान," आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सोफ्यावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. दिवेलागणीलाच आतल्या खोलीत जाऊन पडायच्या. काड्या दारात उभा राहून बघायचा. शेवटी म्हणाला, "आई, तू एकटी इथे नाही राहू शकत. माझ्याकडे चल. हे घर बंद करू."

मी टीव्हीखाली होतो, योग्य जागी आणि बिनकामाचा. मला बोलता येतं, पण दुसऱ्यांचंच.

निघायच्या आदल्या दुपारी आईंनी त्याच्याकडे पाहिलं. "हे काय जंगल वाढवलंयस डोक्यावर?"

त्यानं केसांतून हात फिरवला. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणाकडे बसवत नाही गं."

आईंनी स्टूल ओढलं, टीव्हीकडे तोंड करून त्याला बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि बाबांची कात्री काढली.

"आई, येतं तुला?"

"इतकी वर्षं बघितलंय. बस गुपचूप."

कात्री चालू झाली. आई मागून वाकल्या आणि त्याच्या उजव्या कानाशी हळूच म्हणाल्या, "मान खाली."

काड्याची मान खाली गेली आणि तिथेच राहिली. तसाच खाली बघत तो म्हणाला, "बाबा अस्संच म्हणायचे."

आईंनी त्याच्या तोंडाकडे वाकून पाहिलं. "काय म्हणालास?"

त्यानं मान वळवून पुन्हा सांगितलं.

"हो. मलाही असंच सांगायचे सगळं. मागून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सोफ्यामागच्या रिकाम्या कपाटाकडे. मग आईकडे.

"आई, मला सांगायचं नाहीस?"

"एवढ्या हौसेनं केलंस तू. हिरमोड कशाला करायचा?"

केस अर्धेच कापून झाले होते. तो तसाच उठला, टॉवेलसकट. मला उचललं, कपाटावर ठेवलं, सतरंजीखालून वायर सरकवली आणि संवादाचं बटण दाबलं. आई सोफ्यावर बसल्या. मान हळूहळू मागे आली. चार बोटांचं अंतर. पडद्यावर कुणीतरी कुणाला निरोप देत होतं. मी ते शब्द जितके नीट सांगता येतील तितके नीट सांगितले. आईंचे डोळे मिटलेले होते, पण त्या झोपल्या नव्हत्या.

काड्या मागे उभा राहिला, माझ्या शेजारी. थोड्या वेळानं वाकून म्हणाला, "याचे कल्ले कुणी कापलेत गं?"

आई वळल्या नाहीत. "तुझ्यापेक्षा बरे आहेत. ये, उरलेलं संपवू."

तो एकटाच आपल्या कामाच्या गावी परत गेला, डोक्यामागे आईंच्या कात्रीची एक पायरी घेऊन. महिन्याकाठी येतो आणि त्याच स्टुलावर बसतो. पायरी अजून तशीच पडते.

माझ्या जाळीवर आता धूळ असते, रिमोटवरचे आकडे पुसलेत, संवादाचं बटण तेवढं झिजून चकचकीत झालंय. माझी तक्रार काही नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद आला, तर त्याला कुठे ठेवायचं ते पुस्तकाला विचारण्याआधी ऐकणाऱ्याला विचारा, एवढंच मागणं. बाबांनी मला चुकीच्या जागी ठेवलं, हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता पुरे. आई सोफ्यावर येऊन बसल्यात. मला त्यांच्याशी बोलायचंय.