मागचं सीट

"हळू. माझ्या पायावर टाकाल," तारामती म्हणाली आणि सीटची आपली बाजू तिने आणखी थोडी वर उचलली.

उमाजी उलट्या पावलांनी पोर्चच्या दोन पायऱ्या उतरला. सीट चांगलंच जड होतं. चार वर्षं ते पोर्चमध्ये भिंतीला टेकून पडलं होतं आणि या चार वर्षांत त्याने पडेल ते काम केलं होतं. अंबरपेठेतल्या या घरी येणारा-जाणारा त्याच्यावरच टेके, तारामती त्याच्यावर मांडी घालून शेंगा सोले, शेजारची मांजर तर त्याच्यावर दोनदा व्याली. फक्त ज्या गाडीचं ते होतं, त्या गाडीत त्याला जागा नव्हती.

गाडी फाटकाशी दारं उघडी टाकून उभी होती. डबल केबिनची पांढरी पिकअप. उमाजीचं मलकपेठच्या बाजारात मिरचीचं दुकान. एका हंगामात चांगला माल आला, तो मागच्या उघड्या हौद्यात भिजू नये म्हणून त्याने मेकॅनिककडून मागचं सीट काढून घेतलं आणि पोती आत रचली. हंगामापुरतं काढलेलं सीट मग काढलेलंच राहिलं. अशा गोष्टी राहतातच.

दोघांनी सीट दारात टेकवलं. उमाजी वाकून आत शिरला आणि बोल्टांची भोकं शोधू लागला. भोकांत मिरचीची पूड गच्च बसली होती. तारेने ती उकरताना त्याला एकामागून एक पाच शिंका आल्या. बाहेर तारामतीलाही दोन आल्या.

"वन्सं बसतील अन् शिंकून बेजार होतील," ती पदराने नाक पुसत म्हणाली. "म्हणतील, भाऊ मला न्यायला आला का फोडणीला टाकायला."

उमाजी हसला नाही. एरवी हसला असता. उद्या नागपंचमी होती. त्यांच्या घरात पंचमीला भावाने स्वतः जाऊन बहिणीला माहेरी आणायचं, ही रीत वडिलांच्याही आधीपासूनची. गाव सुटून हैदराबादेत आले तरी ती सुटली नव्हती. सुटली ती चार वर्षांपूर्वी. पहिल्या वर्षी त्याने नुसता फोन केला. अक्काच्या सुनेने उचलला. सासूला ती अत्या म्हणे. अत्या येत नाही म्हणतात, एवढं सांगून तिने ठेवला. पुढची वर्षं त्याने फोनही केला नाही. भामाअक्काचं घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. तिच्या गल्लीच्या तोंडावरून तो रोज जात होता आणि रोज घाईत असल्यासारखा समोर बघत होता.

यंदा तारामतीनेच विषय काढला. तुमच्या अक्काला त्रेसष्टावं लागलं, एवढंच ती म्हणाली होती.

चारही बोल्ट त्याने आधी हाताने फिरवून आट्यांत बसवले, मग पाना लावून एकेक आवळला. शेवटचा आवळून झाल्यावर तो मागे सरला, सीटवर हात आपटून बघितला आणि घाम पुसला.

"झालं."

"अन् बेल्ट?" तारामती म्हणाली.

त्याने पाहिलं. बेल्टचे हुक सीटच्या फटीतून वर काढायचे राहिले होते आणि आता ते खाली, सीटखाली, गुपचूप पडून होते. चारही बोल्ट परत सैल करणं आलं.

"तेव्हाच सांगायचं की."

"मला काय माहीत? तुमचं तोंड इतकं बघण्यासारखं झालं होतं, तेच बघत होते."

दुसऱ्या खेपेला मात्र हात सरावला होता. बोल्ट काढले, हुक वर ओढले, बोल्ट घातले, आवळले. दहा मिनिटं. उमाजीने घड्याळात पाहिलं. पोर्चमधून सीट उचललं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. आता साडेनऊ. चुकण्याचा वेळ धरून.

तो फाटकाच्या उंबऱ्यावर बसला. पाना हातातच होता.

चार वर्षांपूर्वी माय गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अस्थी घेऊन बासरला गंगेवर जायचं ठरलं. गोदावरीला त्यांच्याकडे गंगाच म्हणतात. पुढच्या सीटवर कलश मांडीवर घेऊन चुलते भगवंतराव बसणार होते. अक्का म्हणाली होती, मागचं सीट लाव की, मी पण गाडीतच येते, मायसोबत. त्यावर तो म्हणाला होता, अक्का, त्याला मेकॅनिक लागतो, दिवस जातो, तू बायकांबरोबर बसनं ये, घाटावर भेटू. बस वाटेत पंक्चर झाली. घाटावर भगवंतरावांनी घाई केली, वेळ टळते म्हणाले. अक्का पोचली तेव्हा ते दोघे पायऱ्या चढून वर येत होते. तिने त्याच्या हातातल्या कलशात वाकून पाहिलं. कलश रिकामा होता. ती रडली नाही, भांडली नाही. परतही बसनेच आली.

"काय झालं?" तारामतीने विचारलं.

"काही नाही. चारच बोल्ट हायत."

तारामतीने त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

"हात धुवा अन् निघा," ती म्हणाली.

अक्काच्या घराचं दार सुनेने, योगिनीने उघडलं. "मामा, तुमी?" म्हणाली आणि घाईघाईने बाजूला झाली. भामाअक्का दिवाणावर बसून वाती वळत होती. केस पार पांढरे झाले होते. चार वर्षांत माणूस एवढं म्हातारं होतं, हे उमाजीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायला तो गेला नव्हता.

"आलास?"

"आलो."

"दुकान?"

"बंद ठेवलं आज."

ती परत वातीकडे वळली. योगिनीने चहा आणला. एकच कप.

"अक्काला?" त्याने विचारलं.

"अत्या नै घेत. सकाळपासून निस्तं पाणी," योगिनी म्हणाली. "आज चतुर्थी ना मामा. भावाचा उपवास. मी बोलते, शुगर है तुमाला, नक्को धरू. ऐकतच नै. दरसाल असंच करतात."

"तू आत जा ग," अक्का म्हणाली.

योगिनी गेली. बशी उमाजीच्या हातात तशीच राहिली. दरसाल. म्हणजे ज्या वर्षी तो गल्लीच्या तोंडावरून मान न वळवता गेला, त्या वर्षीही ती इथे उपाशी बसली होती, त्याला आयुष्य मागत. त्याला लाज वाटली. एवढी वाटली, की चहाचा घोट घेणं त्याच्याच्याने होईना.

"गाडी आणलीय," तो म्हणाला. "तुला न्यायला. मागचं सीट बसवलंय."

"किती वेळ लागला?"

तिने मान वर केली नव्हती. येताना वाटेत उमाजीने मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं: मेकॅनिक बोलावला, कालचा अख्खा दिवस गेला, गाडी फार जुनी. ते सगळं अगदी जिभेवर आलं.

"अर्धा तास," तो म्हणाला. "त्यातही एकदा चुकलो."

वात वळणारी बोटं थांबली.

"चार बोल्ट असतात अक्का. मेकॅनिक लागत नाही. मी त्या दिवशी बघितलंच नव्हतं." त्याने बशी खाली ठेवली. "आत मिरचीची पोती होती. कुठं उतरवत बसायची म्हणून तुला तसं सांगितलं."

आतल्या खोलीत पंखा कुरकुरत होता.

"म्हणजे माझ्या जागी पोती गेली गंगेवर."

"हाव."

अक्का गुडघ्यांवर हात रेटून उठली आणि आत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. योगिनी दारात येऊन त्याच्याकडे पाहून गेली. खोटं बोललो असतो तर एव्हाना अक्का गाडीत बसली असती, असं उमाजीला वाटलं. तरी बोललेलं परत घ्यावंसं मात्र वाटेना. तो उठून दाराशी गेला आणि चपला घालू लागला.

"थांब की. अशी घाई का रे तुला नेहमी?"

ती धुतलेलं सुती लुगडं नेसून आली होती. कपाळाचं कुंकू नीट केलं होतं. "योगिनी, मला रात्र होईल," तिने आत वळून सांगितलं. "औषध घेतलंय बरोबर."

गाडीचं मागचं दार त्याने उघडून धरलं. त्याच्या खांद्यावर भार देत ती चढली, सीटवर टेकली आणि क्षणभर डोळे मिटून बसली. मग पदर सावरून म्हणाली, "ताराला फोन लाव. उद्या सकाळी येतो म्हणाव."

"उद्या? ती तर आत्ताच वाट बघायली अक्का. मग आज कुठं?"

"बासरला."

उमाजीने मागे वळून पाहिलं.

"कुठल्या पायरीवरून मायला सोडलंस, तेवढं दाखव मला," अक्का म्हणाली. "मग पंचमीचं बघू. आता निघ, उजेड आहे तोवर पोचलं पाहिजे."

त्याने तारामतीला फोन लावला. बासर ऐकून ती एवढंच म्हणाली, पाण्याची बाटली घ्या. उमाजीने गाडी सुरू केली, आणि चौकात अंबरपेठेकडे न वळता ती निजामाबादच्या रस्त्याला लावली.