जास्तीचा एक तास

हवा नऊ, पाणी सहा. एवढं फळ्यावर लिहून झालं तरी गेस्केने खडू खाली ठेवला नाही. हातातल्या भरती-ओहोटीच्या पुस्तिकेत तिने पुन्हा बोट घातलं, तारीख पाहिली, ओळ पाहिली, पानाच्या तळाची बारीक अक्षरं वाचली. मग पुस्तिका मिटली, उघडली आणि हे सगळं आणखी एकदा केलं. तेव्हा कुठे तिने लिहिलं, ‘पूर्ण भरती : ११.४०’.

“सहा अंश?” ट्रॅक्टरवरून ओको ओरडला. उन्हाळ्यात पाहुण्यांनी बसायच्या वेताच्या मोठ्या खुर्च्या तो किनाऱ्यावर ओढून आणत होता. “अगं, हे पोहायचं पाणी की बिअर गार करायचं?”

“तू उतरून बघ. तुझं पोट पाहून समुद्रच मागे सरेल.”

“आणि पुस्तक किती वेळा वाचशील? परीक्षेला बसायचंय का?”

गेस्के हसली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण तिचं तोंड पोळलंय हे या बेटावर कुणालाच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं ती किनाऱ्यावरच्या या लाकडी चौकीत काम करत होती. रोज सकाळी हवा, पाणी, वारा आणि भरतीची वेळ फळ्यावर लिहायची, आणि लोकांनी ते वाचून पाण्यात उतरायचं. उत्तर समुद्रातल्या या बेटावर पोहायची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते. पाणी पूर्ण भरून थांबलं की लहान मूलही डुंबू शकतं. तासाभराने तेच पाणी दोन बेटांमधल्या खाडीकडे असं धावत सुटतं, की सहा फुटी गडीही त्यात हात मारता मारता थकतो.

“बरं, ऐक,” ओको ट्रॅक्टर बंद करून म्हणाला. “तुला सांगायचं नव्हतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. जूनमध्ये तू निवृत्त होणार ना? निरोपाला तुला हा फळाच भेट द्यायचा ठरलाय. चौकटीवर नाव कोरून. घरात भिंतीवर लाव.”

गेस्केने खडू खाली ठेवला. “नको रे,” ती म्हणाली. “दुसरं काहीही द्या.”

“बघा! लाजतेय म्हातारी!” ओकोने ट्रॅक्टर सुरू केला आणि हसत निघून गेला.

मार्चचा शेवटचा रविवार होता. या दिवशी घड्याळं एक तास पुढे करतात. पूर्वी भरतीच्या पुस्तिकेत वर्षभर हिवाळी वेळच छापलेली असायची, म्हणून या रविवारपासून थेट ऑक्टोबरपर्यंत छापील वेळेत एक तास मिळवायचा, ही बेटावरच्या प्रत्येकाच्या हाताला लागलेली सवय. कोळी मिळवत, शाळेतली पोरं मिळवत, गेस्केही मिळवायची. अकरा वर्षांपूर्वी पुस्तिका नव्याने छापली गेली आणि तो तास आधीच मिळवून आला. तळाला तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. गेस्केने ते वाचलं नाही. तिने सवयीने आणखी एक तास मिळवला. भरती अकरा-वीसला होती, फळ्यावर बारा-वीस झाली.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी सव्वाबाराला एबरहार्ड ब्रिंकमान पाण्यात उतरला. दर वसंतात बायकोसोबत येणारा, बारा महिने थंड पाण्यात पोहणारा, पिवळी टोपी घालणारा माणूस. फळ्यापाशी थांबून, वाचून, “अगदी वेळेवर आलो,” असं गेस्केला म्हणून गेलेला.

पाऊण वाजता गेस्केचं लक्ष पाण्यात ओळीने रोवलेल्या लाकडी खुंटांकडे गेलं. चौथा खुंट उघडा पडला होता. भरतीला तो कधीच दिसत नसे. तिने पुस्तिका उघडली, तळाची अक्षरं वाचली, आणि दूर, फार दूर, तिला पिवळी टोपी दिसली.

मग तिने जे केलं ते तिला आजही रोज आठवे. तिने आधी ओला स्पंज उचलला. फळा पुसला. अकरा-वीस लिहिलं. आणि मग धोक्याची घंटा वाजवली.

पोलिसांनी फळा पाहिला, नोंद केली : सूचना बरोबर होती, पाहुण्याने दुर्लक्ष केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गेस्के मूग गिळून बसली, ती अकरा वर्षं. पुढच्याच वसंतात तिने पालिकेकडे हट्ट धरून पाण्यावर तरंगणारा पिवळा बोया तांबडा रंगवून घेतला. लोक त्याला अजून ‘गेस्केची नवरी’ म्हणत. रंग बदलला तरी काही उपयोग झाला नाही. मार्च लागला की तिला पाण्यात पिवळं काहीतरी दिसायचंच. ती मान वळवायची, पुन्हा बघायची, नसायचं. पण दिसायचं.

“अजून तूच लिहितेस वाटतं.”

गेस्केने वळून पाहिलं. काळा कोट, काळे हातमोजे, हातात काठी. केस पांढरे झाले होते, पण उभं राहण्याची ढब तीच. अकरा वर्षं दर वसंतात गेस्के पाहुण्यांच्या यादीत हे नाव शोधायची आणि नाही दिसलं की सुटकेचा निःश्वास टाकायची. या वर्षी यादी पाहायची राहून गेली होती.

“ब्रिंकमानबाई,” ती कशीबशी म्हणाली. “आत या. चहा टाकते.”

“चहा नको. फार वेळ उभंही राहवत नाही.” बाई बाकावर टेकल्या आणि समुद्राकडे पाहत राहिल्या. “गुडघ्यांनी दगा दिलाय. मुलगी म्हणाली, जायचंच तर याच वर्षी जा. म्हटलं, एकदा त्याच्याशी भांडून येते.”

“कुणाशी?”

“कुणाशी काय, एबरहार्डशी! समुद्राशी मी काय भांडणार?” बाई हसल्या, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही. “तू चांगली बाई आहेस, गेस्के, म्हणून तुला सांगते. मुलीलाही नाही सांगितलेलं. त्या सकाळी आमचं कडाक्याचं वाजलं होतं. नोकरी संपल्यापासून तो गप्प गप्प असायचा. मी म्हणाले, असं मढ्यासारखं बसायचं असेल तर मला घरात नको. तो टॉवेल घेऊन उठला. दारातून म्हणाला, एक वाजता जेवायला येतो, माझ्यासाठी मासा सांग. मी सांगितला. दोन ताटं. तो मासा माझ्यासमोर गार झाला.”

गेस्केने हातातली पुस्तिका मिटली.

“तीस वर्षं इथे पोहलेला माणूस. फळा वाचल्याशिवाय पाण्याला पाय न लावणारा. पोलिसांनी मला सांगितलं, फळ्यावर अकरा-वीस होतं. म्हणजे त्याने वाचलं, आणि ओहोटी लागलीय हे कळूनही तो गेला. याचा अर्थ काय ते कळायला मला शाळेत जायला नको.” बाईंनी काठी वाळूत रुतवली. “माझ्या एका वाक्यासाठी तो मला टाकून गेला. अकरा वर्षं मी त्याच्या थडग्यावर फूल ठेवलेलं नाही. मुलगी ठेवते. मी फाटकाशी उभी राहते.”

समोर पाणी भरत होतं. गेस्केला वाटलं होतं, या बाई एक दिवस येतील आणि विचारतील, माझा नवरा कसा मेला? त्याचं उत्तर तिने हजार वेळा घोकलं होतं, खरंही आणि खोटंही. पण मेलेल्या माणसावर आपल्या मुकेपणामुळे असा आळ आला असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली.

“फळ्यावर अकरा-वीस नव्हतं,” ती म्हणाली.

“काय?”

“बारा-वीस होतं. मी चुकीचं लिहिलं होतं. तास दोनदा मिळवला गेला. त्यांनी वाचलं, मला म्हणाले, अगदी वेळेवर आलो. आणि गेले.” आता थांबले तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही, हे तिला कळत होतं. “ते लांब गेलेले मला दिसले, तेव्हा मी आधी फळा पुसला. बरोबर वेळ लिहिली. घंटा नंतर वाजवली, बाई. नंतर.”

ब्रिंकमानबाईंनी फळ्याकडे पाहिलं. मग विचारलं, “किती वेळ लागला पुसायला?”

“माहीत नाही. रोज मोजते. रोज वेगळा येतो.”

“लिही,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“त्या दिवशी होतं तसं लिही. मला बघायचंय.”

गेस्केने आजची वेळ पुसली. आकडे वाकडे आले. ‘पूर्ण भरती : १२.२०’. बाई काठीवर भार देत उठल्या, फळ्याच्या अगदी जवळ गेल्या आणि नाकावरचा चष्मा सारखा करून वाचत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते.

“म्हणजे तो जेवायला येणार होता,” त्या म्हणाल्या.

गेस्के रडू लागली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. क्षमेचा शब्द त्या बोलल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत.

वाळूवरून दोन बायका झगे गुंडाळून येत होत्या, मोसमातली पहिली डुबकी मारायला. त्यातली एक लांबूनच म्हणाली, “गेस्के, भरती किती वाजता गं आज?”

गेस्के स्पंज शोधू लागली. तो कुठे पडला होता कोण जाणे. तोवर ब्रिंकमानबाईंनी हात वर केला आणि काळ्या हातमोज्यानेच फळा पुसला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, खडूचा माग राहू नये इतका दाबून.

“अकरा-चाळीस लिही,” त्या म्हणाल्या. “आणि आधी पुस्तक बघ.”

गेस्केने पुस्तक पाहिलं. तळाची अक्षरं वाचली. लिहिलं. ब्रिंकमानबाईंनी पुस्तकातली ओळ आणि फळ्यावरचा आकडा ताडून पाहिला आणि त्या निघाल्या. वाळूत काठी टेकत, हळूहळू. उजवा हातमोजा खडूने पांढरा झाला होता. नजरेआड होईपर्यंत त्यांनी तो झटकला नाही.