केदारची तालीम

लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात मी गोदावरीला म्हणालो होतो, "तुला केदारनाथला नेईन." नवा नवरा काय वाटेल ते बोलतो. पण तिनं ते धरून ठेवलं. पुढं एकतीस वर्षं मी तारखा घेत गेलो. यंदा अपील आहे, यंदा थोरलीचं बाळंतपण आहे, यंदा पाठ धरली आहे. अकोल्याच्या कोर्टात तारीख घेण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. गोदावरी एकदाही चिडली नाही आणि त्याचाच मला राग येई. भांडणाऱ्याला निदान उत्तर तरी देता येतं.

एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात धाकटीचं लग्न झालं, घर रिकामं झालं आणि मला पुढची तारीख मागायला कारणच उरलं नाही. "आश्विनात जाऊ," मी म्हणालो.

"तुम्ही आलात तरच," ती म्हणाली. "मी एकटी जायची नाही."

शेजारच्या मैनाबाई चार बायकांना घेऊन त्याच महिन्यात निघणार होत्या आणि गोदावरीच्या मागं लागल्या होत्या. पण तिचा हेका एकच. म्हणजे मी चाललो तर ती केदार पाहणार, मी बसलो तर तीही बसणार. आणि मी कसा? छप्पन वर्षांचा, घरापासून कोर्टापर्यंत टांग्यानं जाणारा, बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी धापा टाकणारा. मोटारीची सडक संपल्यावर पुढं कित्येक दिवस पायी डोंगर चढायचे होते.

तेव्हा मला पुंजाजी आठवले. पुंजाजी डाकेचे हरकारे होते. बावीस वर्षं त्यांनी पाठीवर टपालाची थैली घेऊन चिखलदऱ्याचा घाट पायी चढला होता. आता नोकरीतून मोकळे होऊन ते अकोल्यात मुलाकडं राहत. आमची ओळख कोर्टातली. एका खटल्यात ते विरुद्ध बाजूचे साक्षीदार होते. मी दरडावून विचारलं, "पायथ्यापासून वर जायला नेमका किती वेळ लागतो?" ते शांतपणे म्हणाले, "थैली भारी का हलकी? ऊन हाय का पानी? आन् जोडा कोन्त्या पायाले चावून राहिला?" सारं कोर्ट हसलं आणि तो खटला मी हरलो. ज्यानं आपल्याला चीत केलं त्यालाच गुरू करावा, असं माझं मत आहे.

डोंगर चढायला शिकवा, असा मी निरोप धाडला. ते आले ते थेट बैठकीत येऊन माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "वकीलसाहेब, आदीच सांगून ठेवतो. छप्पन साली नागपुरात बुद्धाची दीक्षा घेतली तवापासून मी कोनाच्या अंगनात उभं राहनं सोडलं. शिकवीन ते बसून शिकवीन, आन् शिकवतानी कोनाचाच मुलाहिजा ठेवत नाई."

गोदावरी चहा घेऊन आली. तीन कप, तिन्ही एकसारखे. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. ते कप ठेवून ती आत न जाता तिथंच खुर्चीवर बसली, हेही पहिल्यांदाच. मी माझा कप उचलला. वकिलाला कधी गप्प राहावं हे कळलं पाहिजे.

अकोला म्हणजे नुसता तवा, चढायला उंचवटा म्हणून नाही. पुंजाजींनी स्टेशनवरचा पादचारी पूल शोधून काढला. रोज पहाटे त्या पायऱ्या वर-खाली, आधी वीसदा, मग चाळीसदा. पाठीला थैली, थैलीत माझेच जुने कायद्याचे ग्रंथ. "आजवर ह्यायनं तुमाले वर चढवलं," पुंजाजी म्हणाले, "आता तुमी ह्यायले चढवा." तिकीट तपासनीस पहिले चार दिवस प्लॅटफॉर्मचं तिकीट मागत होता. पाचव्या दिवसापासून तो हमालांबरोबर उभा राहून आमच्या फेऱ्या मोजू लागला.

घोटाळा निघाला तो गोदावरीच्या चालण्यात. ती सतत रेंगाळायची. पुंजाजी दोन दिवस पाहत राहिले आणि तिसऱ्या दिवशी ओरडले, "बाई, तुमी दम मारून राहिल्या का साहेबाची वाट पाहून राहिल्या?" खरं म्हणजे तिचे पाय कधीच थकत नव्हते. पण नवऱ्याच्या पुढं चालायचं नाही ही तिची सवय, आणि मी गोगलगाय. माझ्या मागं राहण्यासाठी तिला मुद्दाम हळू चालावं लागत होतं. म्हणजे एकतीस वर्षं ही बाई हळूच चालत आली होती आणि मी तिला म्हणत आलो होतो, "चल लवकर, पाय उचल."

पुंजाजींनी तिला पुढं घातलं. मग त्यांचा दुसरा कायदा आला. प्रत्येक वळणावर पुढच्यानं मागच्याला नावानं हाक मारायची आणि मागच्यानं मोठ्यानं ओ द्यायची. "धुक्यात माणूस दिसत नाई, आवाज दिसते," ते म्हणाले. "आन् ओ फुटली नाई तं समजायचं, दम सरला. मंग बसायचं."

"मी ह्यांचं नाव कसं घेऊ?" गोदावरी म्हणाली.

"काहून? नाव नाई काय त्यायले?"

"'अहो' म्हणते की."

"घाटात 'अहो' म्हटलं तं दहा जन मागं पायतीन! उखान्यात तं घेता ना नाव? मंग उखाना घ्या!"

तेव्हापासून अकोला स्टेशनवर रोज सकाळी पुलाच्या माथ्यावरून उखाणे सुरू झाले. "पुलाच्या पायऱ्या चढते एकेक मोजून, हेमचंद्रराव येतात मागून घाम पुसून." दुसऱ्या दिवशी: "कोर्टाच्या कोटाला काळी काळी बटणं, हेमचंद्ररावांच्या नशिबी आज आहे चढणं." नागपूर पॅसेंजरचे उतारू टाळ्या वाजवत. मी वकिलांच्या बार रूममध्ये तोंड दाखवायच्या लायकीचा उरलो नाही. पण घरी येताना तिचा चेहरा असा फुललेला असे की मी उद्याच्या उखाण्याची वाट पाहू लागलो.

एक गोष्ट मात्र मी दोघांपासून लपवली. माझी ओ खोटी होती. वरची पायरी यायच्या आधी मी थांबायचो, श्वास साठवायचो आणि मग खणखणीत "ओ" ठोकायचो. पुराव्यात थोडी फेरफार, दुसरं काय. मी चढू शकलो नाही तर ती जाणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

भाद्रपदात पुंजाजींनी आम्हाला घाटाच्या पायथ्याशी नेलं. "मी वर जाऊन बसतो," ते म्हणाले. "दोघं मिळून या. ओ देत या. वर आले की मी सांगीन, जायचं का नाई ते." थैली नसताना त्यांना अवघडल्यासारखं होत असावं, कारण माझी थैली त्यांनीच उचलली आणि ते बघता बघता धुक्यात दिसेनासे झाले.

तासाभरात धुकं असं दाटलं की मला माझ्याच काठीचं टोक दिसेना. पाचव्या वळणापर्यंत माझी लबाडी चालली. सहाव्याला श्वास साठेचना. छातीत भाता नुसता हलत होता, वारा येत नव्हता. मी दगडावर बसलो.

वरून उखाणा आला. मी तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. ती थांबली. दुसरा उखाणा सुरू झाला, "चिखलदऱ्याच्या वाटेवर..." आणि तिथंच तुटला.

आणि मग तिनं हाक मारली. "हेमचंद्र!"

राव नाही, यमक नाही, काही नाही. आई गेल्यापासून ह्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. सगळ्यांसाठी मी वकीलसाहेब. तोवर माझा श्वास थोडा परतला होता. मी ओ देऊ शकत होतो. दिली नाही. मला ती हाक आणखी एकदा ऐकायची होती. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे.

"हेमचंद्र! ओ द्या ना!" ह्या वेळी ती रडत होती. मी घाबरून ओ दिली. चढलेलं वळण ती पळत उतरली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाली, "मेल्या, ओ का दिली नाहीस?"

मी सगळं सांगून टाकलं. खोटी ओ, साठवलेला श्वास, सगळं. कबुलीजबाब म्हणतात तो.

हाका ऐकून पुंजाजीही खाली आले. त्यांनी माझी छाती पाहिली, तिचे पाय पाहिले. "बाई चढतीन," ते म्हणाले. "साहेब नाई."

"मग आम्ही नाही जात," गोदावरी म्हणाली.

"मी आमी-तुमी नाई म्हनलं. बाई चढतीन म्हनलं."

तिथं, त्या ओल्या दगडावर, मी आयुष्यातली सगळ्यात चांगली वकिली केली. म्हणालो, "मी येतो. मोटार जाईल तिथवर येतो. पुढं तू मैनाबाईंबरोबर जा. मी खाली बसून राहीन."

"बसवेल तुम्हाला?"

"बसून पाहतो."

आश्विनात आम्ही गेलो. सडक संपली तिथल्या धर्मशाळेत मी मुक्काम केला आणि गोदावरी मैनाबाई आणि त्या चार बायकांच्या पुढं, हातात काठी घेऊन, मागं न बघता वळणाआड गेली. नऊ दिवसांचा हिशेब होता. पहिले दोन दिवस मी वर्तमानपत्र वाचलं. मग वर्तमानपत्र संपलं. मग मी वळणाकडं बघत बसू लागलो. वरून येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला विचारायचो, अकोल्याच्या बायका दिसल्या का? नऊवारीतल्या, एक उंच, पुढं चालणारी?

नवव्या दिवशी मी खिचडी शिजवून ठेवली. दुपार झाली, ऊन उतरलं, खिचडीचा दगड झाला. मला भूक होती, पण हात जाईना. आपण जेवत असताना ती आली तर, असं वाटत होतं. अगदी दिवेलागणीला ती आली. नाकाची सालं निघालेली, ओठ फुटलेले, काळवंडलेली, आणि इतकी आनंदी की मला तिच्याकडं नीट बघवेना. काठी भिंतीला टेकवून तिनं झाकलेलं पातेलं पाहिलं.

"जेवला नाहीत?"

"नाही."

"सकाळपासून?"

"तू यायची होतीस ना."

ती माझ्याकडं बघतच राहिली. कोर्टातून मी अशिलांशी गप्पा मारत रात्री नऊ-नऊला घरी यायचो, तेव्हा ताटं मांडलेली असायची आणि ती उपाशी बसलेली असायची. एकतीस वर्षांत मी तिला त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

ती खाली बसली, तिनं गार खिचडीचे दोन वाटे केले आणि मोठा वाटा माझ्याकडं सरकवला. मी तो परत तिच्याकडं सरकवला.