एक्क्यांचं माप वीस

रविवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद असतो आणि वेटिंग रूममध्ये आमचा पोकर चालू असतो. आम्ही चौघं: डॉक्टर, एक निवृत्त बसड्रायव्हर, माझी थोरली जाऊ आणि मी. ड्रायव्हर प्रत्येक पानाला थांबतात म्हणून त्यांचं नाव ब्रेक. मी कपडे शिवते, त्यामुळे चिप्स म्हणून माझ्याच दुकानातली बटणं. टेबलाच्या मधोमध प्लास्टरचा जबडा. भारी पानं असून हरलेल्याला रडायची मुभा आहे, पण आधी जबड्यात एक बटण टाकायचं. त्या बटणांच्या पैशांत आमचा चहा होतो. निम्मा चहा माझ्या रडण्याचा. जाऊबाई तीन वर्षांत एकदाही रडलेल्या नाहीत.

गेल्या रविवारी माझी आणि जाऊबाईंची आजच्या डावावर पैज लागली. जी आधी रिकामी होईल तिने वर्षभर पत्त्यांना हात लावायचा नाही. मी रागाच्या भरात हो म्हटलं आणि आठवडाभर पस्तावले. आठवड्यातले हे तीनच तास असे, की मला कुणी "झालं का गं?" असं विचारत नाही.

माझी खोड धंद्याची. हातात दोन पानं येतात; टेबलावरची सगळ्यांची पाच पानं उघडण्याआधीच मी हातातल्यांची मापं घेऊन बोली वाढवते: एक्क्यांच्या जोडीला वीस बटणं, राजांना पंधरा, बाकी किरकोळ मालाला सहा. जाऊबाई स्वतःची पानं बघत नाहीत, माझी बटणं मोजतात.

आज ठरवलं, जित्याची खोड मोडायची. हातात सत्ती आणि दुर्री, म्हणजे निव्वळ चिंध्या. मी वीस बटणं पुढे सरकवली.

"एक्के," डॉक्टर म्हणाले आणि पानं टाकून मोकळे झाले. ब्रेक थांबले, मग त्यांनीही टाकली.

"एक्के असतील कसे?" जाऊबाई म्हणाल्या. "ते तर माझ्याकडे आहेत." आणि आपली सगळी अठ्ठावीस बटणं लोटली.

मला वर फक्त आठ घालायची होती. आता मागे फिरायची मला लाज वाटली. आम्ही पानं उघडी केली तेव्हा ब्रेक हसता हसता खुर्चीवरून घसरले. टेबलावर आली सत्ती, राणी, दुर्री, मग दोन बिनकामाची. माझ्या दोन जोड्या झाल्या, त्यांची एक्क्यांची एकच. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

जाऊबाई मख्ख. मला राहवलं नाही. मी एक बटण त्यांच्यापुढे सरकवलं. "घ्या जाऊबाई, माझ्याकडून. आज तरी रडा."

त्यांनी बटण उचललं, जबड्याकडे पाहिलं आणि ते स्वतःपुढे ठेवलं. "मी रिकामी कुठे आहे? वाटा पानं."

डॉक्टरांनी निकाल दिला की बटण म्हणजे बटण. मी भांडले, पण कुणी ऐकेना. एकाची चार झाली, चाराची अकरा. मी घाबरून पुन्हा मापं घ्यायला लागले, आणि घाबरलेल्या माणसाची बटणं टिकत नाहीत. साडेपाचला मला खरेखुरे एक्के आले. हात आपोआप विसावर गेला.

"वीस म्हणजे सत्ती-दुर्री," जाऊबाई म्हणाल्या आणि नव्वी-तिर्रीवर माझं होतं नव्हतं ते सगळं मागितलं. मी आनंदाने दिलं. टेबलावर एक नव्वी आली. मग दुसरी. तीन नव्व्यांपुढे माझे एक्के हरले.

माझ्यापुढे नुसतं टेबल उरलं. वर्षभराचे रविवार डोळ्यांपुढे आले. जाऊबाईंनी एक बटण माझ्याकडे सरकवलं.

"रड," त्या म्हणाल्या.

मी ते मुठीत घट्ट धरलं. "वाटा पानं."