खोडाच्या आत

सुताराची बायको मोठ्या दुखण्यातून उठली आणि म्हणाली, "मला एकदा त्या जुन्या झाडाला हात लावून यायचंय." झाड गावाबाहेरच्या रानात होतं, पायवाटेने थोडंच चालायचं. पण त्याला सगळे इतके मानत की खाली पडलेली वाळकी काटकीही कोणी उचलत नसे. सुताराचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या बाईला एकटं कसं सोडणार? तिची धाकटी बहीणही सोबत निघाली.

"भावोजी, झाड बघून फळ्या मोजायला लागू नका हं," मेहुणीने वाटेत चिमटा काढला.

"फळ्या कसल्या, अख्ख्या गावाचं फर्निचर निघेल त्यातून!"

भर दुपार होती. झाड दिसलं आणि पाखरांचा आवाज एकदम थांबला. वर पानं हलत होती, पण सळसळ ऐकू येत नव्हती. बायकोने चपला काढल्या, खोडाला कपाळ टेकलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

सुताराचे हात शिवशिवत होतेच. लाकूड भरीव आहे की पोकळ, हे बघायला त्याने बोटाने खोडावर टकटक केली.

आतून टकटक आली.

"तुमचाच भाऊबंद असेल, सुतारपक्षी," मेहुणी म्हणाली, पण एक पाऊल मागे सरकली.

सुताराने खोडाला कान लावला. बघता बघता त्याचा चेहरा पांढराफटक झाला. त्याने बायकोचा हात धरला. "चल. मागे बघू नकोस."

"अहो, माझ्या चपला..."

"राहू देत!"

घरी पोचल्यावर तो उंबऱ्यातच बसला. गटागट पाणी प्यायला. मग म्हणाला, "आतून कोणीतरी विचारलं, कोण आहे?"

"मग सांगायचं ना," मेहुणी उगाच हसली.

"मी तोंड उघडायच्या आधीच आतून उत्तर आलं. माझं नाव. आणि आवाजही माझाच."

 बायको त्याच्याजवळ सरकून बसली.

तिची तब्येत पुढे चांगली सुधारली. सुताराचं कामही नेहमीसारखं चालू आहे. फक्त कोणी नावाने हाक मारली की तो लगेच ओ देत नाही. हाक तिलाही ऐकू आली का, म्हणून आधी बायकोकडे बघतो. तिने मान डोलावली, की मगच म्हणतो, "आलो."