हॉर्नब्लेंडवरचा ठपका

मी एक जुना, काळाकुट्ट खनिजाचा तुकडा आहे. जमिनीच्या पोटातला तप्त रस निवता निवता माझे स्फटिक घडले. मित्रांनो, तिथे मला कुणी हाक मारत नव्हतं, त्यामुळे नावाची चिंताही नव्हती.

मग एका विहीर खणणाऱ्या मिस्तरीने स्वतःच्याच घरामागे पाण्यासाठी खणायला घेतलं. पहारीचा घाव बसला, मी उजेडात आलो आणि लखलखलो. तिथेच घात झाला. मिस्तरीला वाटलं, खाली चांदी आहे. पाणी राहिलं बाजूला. विहिरीच्या तळातून तो आडवं, थेट घराखाली भुयार खणत सुटला. जेवणावरून अर्धवट उठायचा. मी त्याच्या खिशात, आणि त्याची बोटं मला सारखी चाचपायची. मलाही चैन नव्हतं. पुढे काय सापडणार, हे मला ठाऊक होतं; सांगायला तोंड नव्हतं.

एके सकाळी त्याच्या आईच्या खोलीत भिंतीला तडा दिसला. त्याच्या बायकोने खुंटीवरच्या सदऱ्यातून मला काढलं आणि दगड तपासणाऱ्या बाईंकडे नेलं.

बाईंनी मला भिंगाखाली फिरवलं. "हे हॉर्नब्लेंड. जर्मन खाणकामगारांनी दिलेलं नाव. हॉर्न म्हणजे शिंग, तसा याचा रंग. ब्लेंड म्हणजे फसवणारा. धातूसारखं चमकतं, पण भट्टीत घातलं तर हाती काही लागत नाही."

फसवणारा? मी कुणाला काय वचन दिलं होतं?

घरी मिस्तरी ऐकेना. "मला न विचारता गेलीस? त्या बाईंना काय कळतंय?"

"नसेल कळत. चांदीच आहे असं धरू," बायको म्हणाली. "पण आईंच्या भिंतीत माझं बोट जातंय. या, बघा."

तो गेला. तड्यात त्याचं बोट पेरभर आत गेलं. आई पलंगावर शेंगा सोलत बसली होती.

"दोन दिवस दारही लागत नाही रे," ती म्हणाली. "तू कामात होतास, म्हणून बोलले नाही."

मिस्तरीची मान खाली गेली. त्याने आईला बाहेरच्या खोलीत हलवलं आणि नवराबायकोने आठ दिवस दगडमाती ओतून भुयार बुजवलं. भिंत वाचली, तडा राहिला. मला मात्र तो बाईंकडे देऊन आला. "तुम्हीच ठेवा. हा घरात नको."

मित्रांनो, नुसत्या चमकीवर कुणाला डोक्यावर घेऊ नका, आणि आपलाच अंदाज चुकला की त्याला लबाड म्हणू नका. आधी नीट पारखून बघा. आम्हाला नाव द्या, जरूर द्या. नावं ठेवू नका.